विंडोजचा जुना हिशेबाचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालवताना: सांगलीच्या दुकानदारांसाठी

विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे मोफत अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मार्केट यार्डातल्या अडत दुकानांत, गणपती पेठेतल्या घाऊक व्यापाऱ्यांकडे आणि कुपवाड एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत आठ-दहा वर्षांचे संगणक अजून ठणठणीत चालतात. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर ते रीतसर बसत नाही. विंडोजच्या जागी वापरायची लिनक्स ही प्रणाली मात्र सहज बसते आणि फुकट मिळते. गाडी अडते ती एका प्रोग्रॅमपाशी. हळदीची किंवा बेदाण्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) काढणारा, पोत्यांचं वजन घेणारा तो प्रोग्रॅम पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी विंडोजसाठी लिहून दिलेला असतो, आणि तो बदलणं परवडत नाही.

असे बरेच प्रोग्रॅम लिनक्सवर चालवता येतात. मात्र "खिडकी उघडली, म्हणजे काम झालं" असं मानू नका. पट्टी छापली गेली, वजन आलं, तारीख बरोबर पडली, कुलूप उघडलं, तरच प्रोग्रॅम चालला. त्यामुळे पहिला प्रश्न हा: हा प्रोग्रॅम संगणकाबाहेरच्या कुठल्या वस्तूंशी बोलतो? प्रिंटर, वजनकाटा, यूएसबी लॉक (जे लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नाही ते कुलूप), डिजिटल सहीचं टोकन, दुसऱ्या टेबलावरचा संगणक, जे काही असेल ते कागदावर लिहून काढा. पुढचा रस्ता ही यादीच ठरवते.

आधी प्रोग्रॅमची जात ओळखा

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाचं नाव वाईन. तयार, नावाजलेला प्रोग्रॅम असेल तर वाईनएचक्यू या त्याच्या संकेतस्थळावरच्या ॲपडीबी या यादीत तो शोधा. तिथे लोकांनी चालवून पाहून प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्रॉन्झ, गार्बेज असे दर्जे दिलेले आहेत. दर्जासोबत वाईनची आवृत्ती आणि तारीखही बघा, कारण सहा वर्षांपूर्वीचा "गार्बेज" आज चालत असू शकतो. स्थानिक प्रोग्रॅमरने लिहिलेला प्रोग्रॅम मात्र तिथे सापडणार नाही. त्याचं फोल्डर उघडून आतल्या फाइलींची नावं वाचा.

डीबीएफ शेपटीच्या (नावाच्या शेवटी डीबीएफ असलेल्या) पुष्कळ फाइली असतील तर फॉक्सप्रो किंवा क्लिपर. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि माउस चालत नाही, असं असेल तर तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा, आहे. एमएसव्हीबीव्हीएम६० नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाइल) किंवा ओसीएक्स शेपटीच्या फाइली दिसल्या तर व्हिज्युअल बेसिक ६, आणि त्याच्या जोडीला एमडीबी फाइल असेल तर माहिती ॲक्सेसच्या जेट डेटाबेसमध्ये आहे. ईएक्सईच्या (प्रोग्रॅमच्या मुख्य फाइलीच्या) नावापुढे कॉन्फिग लावलेली फाइल दिसली तर डॉट नेट. एमडीएफ आणि एलडीएफ अशी जोडी म्हणजे मागे एसक्यूएल सर्व्हर आहे.

डॉसवाला असेल तर डॉसबॉक्स-एक्स, म्हणजे जुन्या डॉस यंत्राची नक्कल करणारं साधन. व्हिज्युअल बेसिक, व्हिज्युअल फॉक्सप्रो आणि साधे डॉट नेट प्रोग्रॅम असतील तर वाईन. एसक्यूएल सर्व्हर, यूएसबी लॉक किंवा सहीचं टोकन असेल तर वाईनच्या नादी न लागता थेट व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लिनक्सच्या आत खिडकीत चालणारं खरं विंडोज. टॅलीलाही आमचा सल्ला व्हर्च्युअल मशीनचाच आहे. तिचं लायसन्स आणि वारंवारचे अपडेट सांभाळायचे तर खरं विंडोज खाली असलेलं बरं.

वाईन नेमकं काय करतं

ईएक्सई फाइलमधली गणितं प्रोसेसरला जशीच्या तशी समजतात, मग वर विंडोज असो की लिनक्स. अडचण येते ती मागण्यांची: खिडकी उघड, फाइल वाच, छाप. या मागण्या विंडोजच्या डीएलएलकडे जातात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या वाईन प्रकल्पाने त्या डीएलएल नव्याने लिहिल्या, आणि त्या डीएलएल आलेली मागणी लिनक्सकडे पोचवतात. पूर्ण यंत्राची नक्कल होत नसल्यामुळे वेग जवळजवळ मूळचाच राहतो. ड्रायव्हर मात्र विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसणारी वस्तू आहे, आणि तो गाभा इथे नाहीच. म्हणून लॉक आणि टोकन वाईनमध्ये सहसा ओळखले जात नाहीत.

बसवण्याच्या पायऱ्या

इथे लिनक्स मिंट २२ ही लिनक्सची आवृत्ती धरली आहे. ते उबुंटू २४.०४ वर आधारलेलं असून त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मिंटच्या पडद्याच्या मांडणीचे प्रकार आहेत: चार जीबी रॅमच्या यंत्रावर हलकं एक्सएफसीई घ्या, आठ असेल तर सिनॅमन.

१. जुन्या संगणकावरून दोन गोष्टी पेनड्राइव्हवर घ्या: प्रोग्रॅमचं मूळ सेटअप आणि माहितीचं फोल्डर. सेटअप हरवलं असेल तर प्रोग्रॅमचं अख्खं फोल्डर घ्या. विंडोजच्या सिस्टिम फोल्डरात टाकलेल्या ओसीएक्स फाइली त्यात येत नाहीत, हे लक्षात असू द्या.

२. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये "वाईन" शोधा आणि "वाईन-इन्स्टॉलर" नावाचं पॅकेज बसवा. त्याबरोबर बत्तीस बिटचे भाग आणि वाईनट्रिक्स (वाईनची मांडणी करून देणारं साधन) येतं. "बॉटल्स" हे ॲप दिसायला सोपं आहे, पण ते फ्लॅटपॅक या पॅकेज-पद्धतीच्या कुंपणात चालतं आणि बाहेरची फोल्डरं त्याला वेगळी परवानगी दिल्याशिवाय दिसत नाहीत. प्रिंटर आणि काटा जोडायचा असेल तर साधं वाईन घ्या.

३. भाषा सेटिंगमध्ये प्रदेश "इंग्लिश, इंडिया" करा आणि लॉगआउट होऊन परत या. ही पायरी लोक गाळतात. वाईन तारखेची पद्धत लिनक्सच्या प्रदेशावरून उचलतं. तो अमेरिका राहिला तर ०३/०४ म्हणजे ३ एप्रिलऐवजी ४ मार्च होतो, आणि जुन्या व्हिज्युअल बेसिक प्रोग्रॅममध्ये तशीच नोंद पडते. तेरा तारखेपासून पुढे चूक दिसून येते, पण पहिले बारा दिवस सगळं सुरळीत वाटतं. मार्चअखेरीला आर्थिक वर्षच बदललेलं सापडतं.

४. वाईनट्रिक्स उघडा आणि "क्रिएट न्यू वाईनप्रिफिक्स" निवडा. आर्किटेक्चर ३२ ठेवा आणि छोटं इंग्रजी नाव द्या. प्रिफिक्स म्हणजे त्या प्रोग्रॅमपुरतं वेगळं सी ड्राइव्ह आणि वेगळी रजिस्ट्री (विंडोजची सेटिंगं जिथे नोंदलेली असतात ती वही). प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र प्रिफिक्स ठेवा. एकासाठी टाकलेली डीएलएल दुसऱ्याला बिघडवते, म्हणून हा खटाटोप. प्रिफिक्स पेनड्राइव्हवर किंवा विंडोजच्या पार्टिशनवर बनवू नका. वाईनला तिथे लागणारे दुवे आणि मालकीहक्क जमत नाहीत.

५. प्रिफिक्स निवडून "इन्स्टॉल अ विंडोज डीएलएल ऑर कंपोनंट" मध्ये जा. व्हिज्युअल बेसिकसाठी व्हीबी६रन आणि सीओएमसीटीएल३२ओसीएक्स, ॲक्सेसच्या माहितीसाठी एमडीएसी२८ आणि जेट४०. डॉट नेटवाल्यांनी आधी वाईनबरोबर येणाऱ्या मोनोवर (डॉट नेटच्या मोफत पर्यायावर) चालवून बघावं. नाही जमलं तरच डॉटनेट४८. ते बसायला बराच वेळ घेतं आणि मध्ये अडकल्यासारखं दिसतं, तेव्हा बंद करू नका.

६. "रन ॲन आर्बिट्ररी एक्झिक्युटेबल" मधून सेटअप चालवा. मग माहितीचं फोल्डर प्रिफिक्सच्या सी ड्राइव्हमध्ये जुन्याच जागी आणि जुन्याच नावाने ठेवा. जुन्या प्रोग्रॅममध्ये मार्ग बहुधा कायमचा लिहून ठेवलेला असतो.

७. त्याच यादीत वाईनसीएफजी आहे. त्यातल्या "ड्राइव्ह्ज" भागात झेड ड्राइव्ह काढून टाका. झेड म्हणजे तुमचं सगळं लिनक्स. विंडोजचा खंडणीखोर व्हायरस वाईनमध्येही चालू शकतो आणि झेडमधून घरच्या फाइलींपर्यंत पोचू शकतो. एवढ्याने पक्कं कुंपण होत नाही, पण सरळ वाट बंद होते. याच कारणाने वाईन कधीही सुडो लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवू नका.

प्रिफिक्स निवडल्यावर दिसणाऱ्या यादीच्या शेवटी "डिलीट ऑल डेटा" ने सुरू होणारी ओळ आहे. तिने तो प्रिफिक्स आतल्या हिशेबासकट जातो. दुकानात कामाला असलेल्या पोरांना ती आधीच दाखवून ठेवा.

चूक दाखवणारे संदेश नीट वाचले की बरंच काम होतं. "कंपोनंट एमएससीओएमसीटीएल नॉट करेक्टली रजिस्टर्ड", म्हणजे त्रुटी ३३९, आली तर पाचव्या पायरीतली ओसीएक्स राहिली आहे. "प्रोव्हायडर कॅनॉट बी फाउंड" आलं तर जेट नाही, किंवा प्रिफिक्स चौसष्ट बिटचा झाला आहे. दुसऱ्या कारणाला प्रिफिक्स नव्याने करण्यावाचून उपाय नाही.

छपाई

प्रोग्रॅम दोन रीतींनी छापतात. प्रिंटर निवडण्याची खिडकी येत असेल तर काम सोपं आहे: लिनक्सच्या कप्स छपाई यंत्रणेत जोडलेला प्रत्येक प्रिंटर वाईनला आपोआप दिसतो. डॉट मॅट्रिक्ससाठी कप्समध्ये "एप्सन ९-पिन सिरीज" आणि "एप्सन २४-पिन सिरीज" हे ड्रायव्हर असतात. टीव्हीएसचे बहुतेक प्रिंटर एप्सनची भाषा समजतात, फक्त पिना किती आहेत ते पुस्तिकेत पाहून ठरवा. कागदाची लांबी मात्र हाताने भरा. सलग कागद १२ इंची आणि सेटिंग ए४ राहिलं तर प्रत्येक पानाला सुमारे आठ मिलिमीटर फरक पडतो. दहाव्या पट्टीचं डोकं नवव्या पट्टीच्या पायाशी छापलेलं दिसतं.

काहीही न विचारता धडधड छापणारे प्रोग्रॅम एलपीटी१ या पोर्टवर थेट अक्षरं सोडतात. जुना पॅरलल पोर्ट असेल तर वाईन तो स्वतः जोडतं. यूएसबी प्रिंटरला रजिस्ट्रीत सांगावं लागतं. वाईनट्रिक्समधून रेजएडिट उघडा, एचकी लोकल मशीन, मग सॉफ्टवेअर, मग वाईन, आणि त्यात पोर्ट्स नावाची "की", म्हणजे कप्पा (नसेल तर बनवा). त्यात एलपीटी१ नावाची स्ट्रिंग करा आणि किंमत म्हणून इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा: स्लॅश डेव्ह स्लॅश यूएसबी स्लॅश एलपी शून्य. मग "यूजर्स अँड ग्रुप्स" मध्ये जाऊन स्वतःला एलपी या गटात घाला आणि लॉगआउट करून या. त्याशिवाय परवानगी लागू होत नाही. हाच प्रिंटर त्याच वेळी कप्समधून वापरू नका, कारण कप्स छापताना पोर्ट स्वतःकडे ओढून घेतं.

वजनकाटा

काट्याची वायर सिरियल असते आणि ती बहुधा यूएसबी कन्व्हर्टरने जोडलेली असते. कन्व्हर्टरचे नेहमीचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच आहेत, सीडी शोधू नका. आधी स्वतःला डायलआउट गटात घाला.

मग खरी अडचण येते. लिनक्समध्ये बत्तीसपर्यंत कागदी सिरियल पोर्ट नोंदलेले असतात आणि वाईन त्यांना कॉम१ ते कॉम३२ देऊन टाकतं. तुमचा कन्व्हर्टर कॉम३३ होऊन बसतो, आणि जुन्या प्रोग्रॅमच्या यादीत कॉम४ च्या पुढे काहीच नसतं. उपाय वरचाच: पोर्ट्स कीमध्ये कॉम१ नावाची स्ट्रिंग करा आणि किंमत द्या स्लॅश डेव्ह स्लॅश टीटीवाययूएसबी शून्य. यात टीटीवाय लहान अक्षरांत आणि यूएसबी मोठ्या. इथे एक अक्षर चुकलं तरी पोर्ट सापडत नाही. वाईनचे सगळे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा. बॉडरेट (काटा माहिती पाठवतो तो वेग) जुन्या संगणकावरच्या सेटिंगमधून उतरवून घ्या. तो चुकला की वजनाच्या जागी कचरा अक्षरं येतात.

कन्व्हर्टर लावल्या लावल्या नाहीसा होत असेल तर बीआरएलटीटीवाय हे पॅकेज तपासा. ते ब्रेल डिस्प्लेसाठी आहे, पण काही आवृत्त्यांत सीएच३४० चिपचे कन्व्हर्टर आपलेच समजून पकडतं. दुकानात कुणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तर काढून टाका.

मराठी अक्षरं

शेतकऱ्यांची नावं चौकोनांत दिसू लागली तर माहिती बिघडलेली नाही. प्रोग्रॅम मागतो तो फॉन्ट, बहुधा मंगल, लिनक्समध्ये नाही. नोटो सॅन्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी बसवा, आणि प्रोग्रॅममध्ये फॉन्ट निवडता येत असेल तर तो बदला. शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये नावं भरलेली असतील तर तो मूळ फॉन्टच हवा, कारण तिथे इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी चिन्हं बसवलेली असतात. परवान्यानुसार तुमच्याकडे असलेली टीटीएफ फाइल प्रिफिक्सच्या सी ड्राइव्हमधल्या विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरात टाका.

डॉसचा प्रोग्रॅम

चौसष्ट बिटच्या विंडोजवर हे प्रोग्रॅम तसेही चालत नाहीत, म्हणून इथे लिनक्स मागे नाही. साधं डॉसबॉक्स खेळांसाठी बनलं आहे. हिशेबाला डॉसबॉक्स-एक्स घ्या. ड्राइव्ह मेनूतून सी निवडून माहितीचं फोल्डर हार्ड ड्राइव्ह म्हणून जोडा आणि नेहमीसारखं प्रोग्रॅमचं नाव टाइप करा. सुरू होतानाच "डिव्हाइड बाय झिरो" येऊन बंद पडला तर यंत्र त्याच्या मानाने फार वेगवान आहे. जुने प्रोग्रॅम सुरुवातीला प्रोसेसरचा वेग मोजतात आणि त्या भागाकारातच गडबडतात. सीपीयू मेनूतून वेग ४८६ या जुन्या प्रोसेसरच्या पातळीला आणा. छपाईसाठी सेटिंग फाइलमध्ये "पॅरलल१" ला प्रिंटर किंवा फाइल जोडता येते.

सी-डॅकच्या जिस्ट कार्डवर मराठी दाखवणारा प्रोग्रॅम मात्र इथे अडतो. ते कार्ड खरं हार्डवेअर होतं आणि डॉसबॉक्समध्ये त्याची नक्कल नाही. अशा वेळी डीबीएफमधली माहिती बाहेर काढून नवीन प्रोग्रॅममध्ये नेणंच शहाणपणाचं.

व्हर्च्युअल मशीन

लिनक्सच्या आत खरंखुरं विंडोज. यासाठी यंत्रात किमान ८ जीबी रॅम हवी, त्यातली ४ विंडोजला द्या, आणि एसएसडी हवी. जुन्या फिरत्या डिस्कवर दोन्ही सिस्टिम रडतात. आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हर्च्युअलायझेशन चालू करा: इंटेलवर व्हीटी-एक्स, एएमडीवर एसव्हीएम मोड. ते बंद असेल तर व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चौसष्ट बिटचं विंडोज सुरू होत नाही.

लॉक किंवा टोकन दिसण्यासाठी स्वतःला व्हीबॉक्सयूजर्स गटात घाला, मग मशीनच्या यूएसबी सेटिंगमध्ये ती वस्तू फिल्टर म्हणून जोडा. गटाचं राहिलं तर यादी रिकामी दिसते, आणि लोक टोकन खराब झालं म्हणून नवीन मागवतात. काही टोकनांचे लिनक्सचे ड्रायव्हरही मिळतात. विक्रेत्याला विचारून बघा. जीएसटी आणि ई-वे बिलाची पोर्टलं लिनक्समधल्या ब्राउझरवर चालतात, तेवढ्यासाठी विंडोज ठेवू नका.

आतलं विंडोज १० असेल तर त्याचं नेटवर्क कार्ड मशीनच्या सेटिंगमधून बंद करा आणि फाइलींची देवघेव शेअर्ड फोल्डरने करा. विंडोजचा परवाना इथेही लागतो. संगणकाबरोबर आलेला ओईएम परवाना त्या यंत्राला बांधलेला असतो, तो व्हर्च्युअल मशीनला चालेल असं गृहीत धरू नका.

कधी आणि कसं बदलायचं

हळदीचा हंगाम जोरात असताना, म्हणजे फेब्रुवारी ते मे, या कामाला हात लावू नका. मार्चअखेरीलाही नको. बेदाण्याच्या शून्य पेमेंटच्या दिवसांत सौदे बंद असतात म्हणून मोकळा वेळ वाटतो, पण सगळे जुने हिशेब तेव्हाच मिटतात. आषाढ-श्रावण बरा.

नव्या यंत्रावर मागच्या हंगामातल्या पट्ट्या पुन्हा छापा आणि जुन्या कागदाशी ओळीने ताडा: तारीख, पोती, वजन, हमाली, तोलाई, पैशांची पूर्णांकी, नावातली जोडाक्षरं. पट्ट्या निवडताना बारा तारखेच्या आधीच्या आणि नंतरच्या, अशा दोन्ही घ्या. त्यानंतर एक महिना दोन्हीकडे नोंदी करा. काम दुप्पट होतं, पण महिन्याची बेरीज दोन्हीकडे जुळली की शंका उरत नाही.

बॅकअप म्हणजे अख्ख्या प्रिफिक्सची प्रत, प्रोग्रॅम बंद करून घेतलेली. ती लपलेल्या डॉट-लोकल फोल्डरात, शेअर, मग वाईनप्रिफिक्सेस इथे असते. कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेली फोल्डरं दिसतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं होतं. टेबलाखालच्या संगणकातली आणि त्याच टेबलाच्या खणातली प्रत अशा वेळी एकदमच जाते, म्हणून एक प्रत पुराची रेषा पोचत नाही अशा घरी असू द्या.

जुना संगणक मोडीत काढण्याआधी त्याची प्रतिमा काढून ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं डिस्क२व्हीएचडी चालत्या विंडोजची एकच मोठी फाइल बनवून देतं. त्यात "यूज व्हीएचडीएक्स" ची खूण काढा, कारण साधी व्हीएचडी फाइल व्हर्च्युअलबॉक्सला निर्वेध चालते. फाइल बाहेरच्या डिस्कवर लिहा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. ही फाइल एकदा व्हर्च्युअलबॉक्समध्ये उघडून, जुन्या वर्षाची एक पट्टी पडद्यावर आणून बघा आणि मगच जुनं यंत्र भंगारात द्या.